सीलच्या आधीचं जग

तेजवाल्याच्या दुकानात गल्ल्याच्या वर पूर्वी घड्याळ होतं. आता तिथे प्रयोगशाळेचा अहवाल काचेच्या चौकटीत लटकतो. 'चालता-बोलता' या कॅप्सूलच्या नमुन्यात कोणतेही हानिकारक द्रव्य आढळले नाही, असं त्यावर सही-शिक्क्यानिशी लिहिलेलं आहे. मास्तरीणबाई खरेदीला आल्या की तो मोठ्याने वाचतात, आणि मागे उभी असलेली गिऱ्हाइकं वर्गात असल्यासारखी गप्प होतात. पण ते जाऊ दे. असं काही झालेलंच नाही. अहवाल नाही, चौकट नाही, घड्याळ आपल्या जागी आहे आणि नेहमीसारखं मागे आहे.

मास्तरीणबाईंच्या वरच्या मजल्यावर राहणारी ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून कॅप्सूल उघडते आहे.

काम सोपं होतं. टोपी हलकेच फिरवायची, ओढायची, तपकिरी भुकटी वाटीत झटकायची, रिकामी खोळ बशीत ठेवायची. हे ती दर रविवारी सकाळी करायची, कारण त्या वेळी बाबा बागेत फेऱ्या मारायला गेलेले असत. ज्या कॅप्सूलच्या जोरावर ते फेऱ्या मारत, त्याच कॅप्सूल ती इकडे रिकाम्या करत असे. गॅसवर कढईत मक्याचं पीठ भाजत ठेवलेलं असे. नीट भाजलं की त्याचा रंग त्या भुकटीशी इतका जुळायचा, की पीठ कुठलं आणि औषध कुठलं हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. आणि हे सांगता येणं हाच तर तिचा धंदा होता. औषधांच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. खरं औषध कोणतं, खोटं कोणतं, हे सांगायचा तिला पगार मिळायचा.

बाबा तिला चाळणी म्हणत. लहानपणापासूनच ती दुधाचा वास घेतल्याशिवाय पेला तोंडाला लावत नसे, आणि पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईचं वेष्टण मागून-पुढून वाचून त्यांना अवघडून टाकत असे. "हिच्यातून काही सुटायचं नाही," बाबा कौतुकाने म्हणायचे. पुढे तिला तीच नोकरी लागली तेव्हा ते म्हणाले, "आमच्या चाळणीला सरकारने मान्यता दिली."

बाबांनी जन्मभर फरश्या बसवल्या. लोकांच्या घरात गुडघ्यांवर बसून, लोकांनी उभं राहून चालावं म्हणून. म्हातारपणी गुडघ्यांनी हिशेब मागितला. जिना उतरताना ते कठड्याला असे धरून उतरत, की कठडाच त्यांना धरून उतरतोय असं वाटावं. मग बागेतल्या बाकावरच्या मंडळींपैकी कुणीतरी तेजवाल्याचं नाव सांगितलं. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. 'आधी चालाल, मग चेहऱ्यावर तेज येईल' हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, म्हणून तेजवाला. 'चालता-बोलता'च्या डबीवर झाडाचं चित्र होतं आणि खाली 'निव्वळ वनस्पतींपासून' असं लिहिलेलं होतं.

आणि बाबा खरंच चालू लागले. पहिल्या आठवड्यात जिना उतरले, दुसऱ्यात विनाकारण उतरले. चेहरा गोल झाला, गाल वर आले. बाकावरच्या मंडळींनी ठरवलं, हेच ते तेज. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी ते तेज पाहिलं आणि त्याच दिवशी आपल्यासाठी डबी मागवली. मास्तरीणबाईंना साखरेचा आजार होता; पण गुडघे दुखायला लागले की माणूस साखरेचं ऐकत नाही.

तिला मात्र त्या गोल गालांनी झोप येईना. तिने एक कॅप्सूल रुमालात बांधून नेली आणि जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडत असताना यंत्रावर चढवली. हे नियमाबाहेर होतं. आलेखावर, जिथे कुठल्याही झाडाचं पान, मूळ किंवा साल उगवत नाही अशा जागी, एक डोंगर उगवला. स्टिरॉइड. डॉक्टर मोजून-मापून देतात तेव्हा ते औषध असतं. इथे कुणीतरी ते न मोजता, न सांगता, झाडाच्या चित्राआड लपवलं होतं. दुखणं गप्प बसतं, चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं झिजत राहतात, आणि यातलं काही डबीवर लिहिलेलं नसतं.

त्या संध्याकाळी तिने सांगून पाहिलं.

"बाबा, तुमच्या कॅप्सूलमध्ये स्टिरॉइड आहे."

"त्यावर झाडाचं चित्र आहे."

"चित्र काय, कुठलंही छापता येतं."

"बरं. कागद दाखव."

"कसला कागद?"

"तपासणीचा. सही, शिक्का."

"तसा कागद नाही मिळणार. नमुना सीलबंद नव्हता."

बाबांनी पाय लांब केले, आखडते घेतले, पुन्हा लांब केले. हल्ली त्यांना ते करून दाखवायला आवडत असे.

"तूच सांगतेस ना सगळ्यांना? सील असेल तर नमुना, नाहीतर नुसत्या गप्पा."

"सांगते."

"मग आपण गप्पा मारल्या. छान झाल्या."

"निदान तक्रार करा. निरीक्षक येऊन रीतसर नमुना घेतील."

"ज्याने मला पायावर उभं केलं त्याची तक्रार करू? तूच कर की."

तिला करता येत नव्हती. तपासणाऱ्याने तक्रार करायची नाही आणि तक्रार करणाऱ्याने तपासायचं नाही, असा प्रयोगशाळेचा नियम होता. नियम चांगला होता. तिला तो नेहमीच चांगला वाटत आला होता.

डॉक्टरांनी तर आणखीच पंचाईत केली. ते म्हणाले, "एकदम बंद करू नका हं. शरीराला सवय लागलेली असते, अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं. हळूहळू कमी करायचं, रक्त तपासत, माझ्या नजरेखाली. त्यांना घेऊन या." बाबा म्हणाले, "मला काय धाड भरलीय? डॉक्टरांनाच इकडे बोलाव, बागेत माझ्याबरोबर दोन फेऱ्या मारून दाखवू देत."

म्हणून ती ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बसली होती.

हे बरोबर नाही हे तिला कळत होतं. पण करायचंच तर नीट करायचं, एवढी तिची शिस्त होती. मूळ बनावट करणाऱ्याचा हात फारच ढिला होता. एका कॅप्सूलमध्ये डोंगर तर दुसरीत नुसतं माळरान. ती आधी अख्खी डबी एकत्र कालवायची, चिमूटभर प्रयोगशाळेत नेऊन पाहायची, मग हिशेबाने भाजलेलं पीठ मिसळून पुन्हा भरायची. दर काही आठवड्यांनी औषध थोडं कमी, पीठ थोडं जास्त. तिची बनावट मूळ बनावटीपेक्षा कितीतरी अस्सल होती. प्रत्येक कॅप्सूलमध्ये अगदी सारखी फसवणूक होती.

त्या रविवारी पीठ कढईत असतानाच बेल वाजली. दारात मास्तरीणबाई.

"आहेत का वडील?"

"बागेत गेलेत."

"जाणारच. आता घरात कशाला थांबतील?" मास्तरीणबाई आत न येता जिन्याच्या चौकात उभ्या राहिल्या. "हे बघ. बघ माझ्याकडे." त्या तीन पायऱ्या झरझर उतरल्या आणि तशाच वर आल्या. चेहरा गोल झाला होता. ओठांखालचा तीळ आधी हनुवटीच्या कडेला होता, तो आता मैदानाच्या मधोमध आल्यासारखा दिसत होता.

"साखर तपासली का हल्ली?"

"वाढलीय थोडी. वाढू दे. साखर काय जिना चढवते?"

"बाई, त्या कॅप्सूलमध्ये काहीतरी मिसळलेलं आहे. तुम्ही डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने एकदम सोडू नका, पण दाखवा."

"तपासलंस तू?"

"तपासलंय."

"कागद आहे?"

तिने पिठाचे हात पुसले. मास्तरीणबाईंनी तिच्या गालावर हलकेच चापट मारली. चुकीचं उत्तर देणाऱ्या पण गुणी मुलीला मारतात तशी.

"तुला मेलीला काही चांगलं झालेलं बघवतच नाही. आणि काय करपतंय गं तुझ्याकडे?"

पीठ एका बाजूने करपलं होतं. घरात दुसरं नव्हतं, आणि बाबा यायची वेळ झाली होती. तिने ते चाळून घेतलं. बारीक काळे कण चाळणीतून खाली उतरलेच. तिने तसंच भरलं.

पुढचे महिने तिने बाबांना मागे मागे जाताना पाहिलं. गाल उतरले, चेहऱ्याची हाडं आपापल्या जागी परत आली. बाकावरची मंडळी म्हणाली, तेज गेलं. फेऱ्या कमी झाल्या. मग बाग लांब वाटू लागली. मग एका सकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर बाबांचा हात पुन्हा कठड्याकडे गेला. ती मागेच उभी होती. हात कठड्यापर्यंत पोचला, थबकला, मागे वळून त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग कठडा धरला. तिने हातातली पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

शेवटच्या डबीत औषध उरलंच नव्हतं. नुसतं पीठ, आणि तेही पुन्हा एका बाजूने करपलेलं. तिने ती डबी फळीवर ठेवली तेव्हा खरं तर हायसं वाटायला हवं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर एक पाकीट आलं. लाखेचं सील शाबूत, वर फक्त क्रमांक. नमुना कुणाचा, कुठून आला, हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून तिथे नावाऐवजी क्रमांक असे. तिने सील फोडलं. बशीत कॅप्सूल घरंगळल्या. अशा कॅप्सूल बाजारात ढिगाने मिळतात, असं तिने स्वतःला सांगितलं आणि एक उघडून भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

मक्याचं पीठ. कोनाकोनांचे, एकमेकांना खेटून बसणारे कण. भाजलेले. त्यात मधूनमधून काळे, एका बाजूने करपलेले.

स्वयंपाक बिघडला की बाईला आपलं भांडं लांबूनही ओळखू येतं. तिने डोळा बाजूला घेतला, चष्मा पुसला, पुन्हा डोळा लावला. मग यंत्रावर चढवलं. इतका सपाट आलेख त्या यंत्राने क्वचितच काढला असेल. स्टिरॉइड नाही, वेदनाशामक नाही, शिसं नाही, काहीही नाही. निर्दोष. तिच्या उभ्या नोकरीत इतका शुद्ध नमुना तिच्या हाताखालून गेला नव्हता.

साहेब तारखेच्या शिक्क्याचं चाक टाचणीने फिरवत होते. ते अडकलं होतं.

"साहेब, एक विचारायचं होतं. नमुना सील व्हायच्या आधीच कुणी त्यात फेरफार केला असेल तर?"

"सील शाबूत होतं?"

"हो."

"मग?"

"सीलच्या आधी म्हणतेय मी. तक्रारदाराच्या घरात. समजा, दुकानातला माल वेगळाच आहे आणि..."

"मॅडम," साहेबांनी टाचणी बाजूला ठेवली, "पाकिटात काय आहे ते आपण सांगतो. पाकिटात काय असायला हवं होतं ते सांगत बसलो तर दोन जन्म पुरायचे नाहीत. सीलच्या आधीचं जग आपल्या कक्षेत येत नाही."

हे वाक्य तिने नव्या रुजू झालेल्यांना स्वतः शिकवलं होतं. जवळजवळ याच शब्दांत.

"मग दुकानातून दुसरा नमुना तरी घेता येईल?"

"हा चालू असताना त्याच मालाचा दुसरा घेता येत नाही. हा निर्दोष ठरला तर घ्यायचं कारणच उरत नाही." त्यांनी शिक्का कागदावर मारून पाहिला. तारीख मागच्या महिन्याची उमटली. "का हो? तुमच्या ओळखीचा नमुना आहे का?"

"बघते," ती म्हणाली. या उत्तराला काही अर्थ नव्हता, पण साहेबांना ते पुरलं. ते पुन्हा चाकाकडे वळले.

घरी बाबा खुर्चीत बसून गुडघ्यांना तेल लावत होते. मास्तरीणबाई नुकत्याच येऊन गेल्या असाव्यात. त्यांची पिशवी खुंटीवर राहिली होती आणि पिशवीतून झाडाच्या चित्राची नवी डबी डोकावत होती.

"तुम्ही तक्रार केलीत?" तिने चपला न काढताच विचारलं.

"केली. निरीक्षक येऊन गेले. माझ्यासमोर लाख लावली, माझी सही घेतली. तुला आवडेल तशी रीतसर."

"का?"

"कॅप्सूल खोट्या निघाल्या म्हणून. गुडघे सांगतात ना." त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "मास्तरीणबाईंच्या चांगल्या निघतात. एकच दुकान, एकच डबी. त्यांना जिना चढवतात आणि मला चढवत नाहीत, असं कसं?"

ती भिंतीला टेकली.

"शिवाय त्या करपलेल्या लागतात," बाबा म्हणाले. "एक दिवस गिळताना फुटली तोंडात. मला वाटलं, हा वास कुठेतरी घेतलाय. मग आठवलं. रविवारी बागेतून आलो की स्वयंपाकघरात असतो. तू रविवारी काही शिजवत नाहीस, आणि घरात काहीतरी करपलेलं असतं."

बाहेर जिन्यावरून मास्तरीणबाई कुणाशी तरी बोलत वर जात होत्या, की खाली येत होत्या. पावलांवरून दोन्हींत फरक कळत नव्हता, इतक्या झरझर.

"मला विचारायचं ना मग," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू काहीतरी सांगितलं असतंस. घरात तू सांगतेस काहीतरी. सीलबंद पाकिटाशी तू खोटं बोलत नाहीस, एवढं मला ठाऊक आहे." त्यांनी तेलाची बोटं एकमेकांवर चोळली. "म्हटलं, तिथे विचारू."

तिला हसू आलं असतं. बापाने लेकीला एक प्रश्न विचारला होता, निरीक्षकाच्या हस्ते, लाख लावून.

"माहीत होतं तर घेत का राहिलात?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच फरशीत बसत नाहीये.

"तू भरलेल्या होत्या ना."

ती चपला घालूनच खाली बसली, त्यांच्या पायांशी, आणि वाटीतलं तेल बोटाला घेऊन उजव्या गुडघ्यावर चोळू लागली. गुडघा सुजलेला होता, गरम. बाबांनी डोळे मिटले.

"आता तेजवाल्याला धरतील ना?" त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं. "खोटा माल विकतो म्हणून?"

ती चोळत राहिली.

"चाळणे, धरतील ना?"

"दुसरा पाय द्या," ती म्हणाली.

तिने दुसऱ्या गुडघ्याला तेल लावलं. मग दार वाजलं आणि मास्तरीणबाई आत आल्या. "पिशवी राहिली गं माझी." त्यांनी ती खुंटीवरून काढली, डबी आहे ना ते चाचपून पाहिलं. जाता जाता म्हणाल्या, "तुमच्या लॅबचा कागद आला की मला आधी दाखव हं. बाकावरची निम्मी मंडळी त्यासाठी थांबलीत. चांगला आला की सगळेच घेणार म्हणतायत."

दुसऱ्या दिवशी तिने नमुना शेजारच्या टेबलावर दिला, कारण स्वतःच्या हातचा माल तपासायला नियमाने बंदी होती. शेजारच्या टेबलावरचा तपासनीस प्रामाणिक माणूस होता. पाकिटात जे आहे तेच तो लिहिणार होता. मग तिने एक कोरा कागद घेतला. प्रयोगशाळेत अशा मजकुराचा छापील नमुना मिळत नाही, म्हणून तिने आपल्या हाताने लिहिलं:

"महोदय, सोबतच्या क्रमांकाच्या नमुन्यातील कॅप्सूल अर्जदाराने स्वतःच्या स्वयंपाकघरात, मक्याचे पीठ भाजून, तक्रारदाराच्या नकळत भरलेल्या आहेत. पीठ काहीसे करपले, त्यास अर्जदार जबाबदार आहे. दुकानातील मूळ मालात स्टिरॉइड असल्याचे अर्जदारास माहीत आहे. परंतु ही माहिती सीलबंद नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. सदर नमुना निर्दोष आहे याबद्दलही अर्जदाराची तक्रार नाही. तथापि खालच्या मजल्यावर एक बाई आजही भराभर जिना चढत आहेत. तरी सदर नमुना प्रमाणित ठरवण्याऐवजी अर्जदारास अप्रमाणित ठरवण्यात यावे, अर्जदाराचा उर्वरित साठा बाजारातून तत्काळ परत मागवण्यात यावा, आणि तक्रारदारास निकाल कळवताना तो अर्जदाराच्या तोंडून कळवला जाणार नाही अशी व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती."